गाठच काढायची की पूर्ण स्तन काढायचा? "जास्त सेफ कुठलं" या प्रश्नाबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईचं वय 54, पाळी गेलेली, डाव्या बाजूला 2.2 सेंटीमीटरची गाठ, काखेत हाताला काही लागत नाही, बायोप्सीत कॅन्सर आलाय, ईआर पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हॉर्मोनवर वाढणारा), हर टू निगेटिव्ह (म्हणजे हर टू नावाचं प्रोटीन जास्त नसलेला). पुण्यातले सर्जन म्हणाले की स्तन वाचवूनही करता येईल आणि पूर्ण काढूनही, तुम्ही ठरवा. कळंबहून मामा आणि काका रोज फोन करून सांगतायत की पूर्ण काढून टाका, मुळापासून गेलेलं बरं. आई म्हणते "मला या वयात काय करायचंय, टाका काढून". आणि तुम्ही विचारलंय की या दोन्हीत जास्त सेफ कुठलं.

मी कॅन्सरची सर्जन आहे, 22 वर्षं झाली, त्यातलं बरंचसं काम स्तनाच्याच कॅन्सरचं आणि पेशंट बहुतेक सोलापूर-मराठवाडा भागातल्या. आईला मी तपासलेलं नाही, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळे "हेच करा" असं मी सांगणार नाही. पण "जास्त सेफ कुठलं" याचं उत्तर देऊ शकते, आणि ते असं की जीवाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच आहे, फक्त अट एकच, स्तन वाचवला तर त्यानंतरचं रेडिएशन पूर्ण झालं पाहिजे. म्हणजे खरा प्रश्न सेफ कुठलं हा नाहीच. गाठ स्वच्छ निघेल का, आई रेडिएशन पूर्ण करू शकेल का, आणि आईला स्वतःला काय हवंय, हे तीन प्रश्न आहेत, आणि तिसरा तिला अजून कुणी नीट विचारलाय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही.

मामांचं म्हणणं मी समजू शकते. शेती करणाऱ्या माणसाला हरळी माहीत असते, एक कांडी राहिली तरी परत फुटते, म्हणून खोल खणून सगळी काढायची. कॅन्सरही तसाच असणार असं त्यांना वाटतं. पण हा आजार हरळीपेक्षा गाजरगवतासारखा जास्त आहे. गाजरगवताचं बी वाऱ्याने उडून शेजारच्या रानात गेलेलं असेल तर तुम्ही आपला अख्खा बांध खणून काढला तरी ते बी काही परत येत नाही. स्तनाच्या कॅन्सरने बाई जाते ती स्तनातल्या गाठीने नाही, त्या गाठीतल्या पेशी रक्तातून हाडात, फुप्फुसात, लिव्हरमध्ये जाऊन बसतात त्याने जाते. त्या गेल्या असतील तर ऑपरेशनच्या आधीच गेल्यात, आणि त्यांच्यासाठी हॉर्मोनच्या गोळ्या आणि गरज असेल तर किमो आहे. गेल्या नसतील तर गाठ भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासकट काढणं आणि उरलेल्या स्तनाला रेडिएशन देणं पुरतं. दोन्हीकडून विचार केला तरी बाकीचा निरोगी स्तन कापून टाकल्याने आयुष्य वाढत नाही.

डॉक्टर लोकांनाही हे पटायला फार वेळ लागला. 19 व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बाल्टिमोरला हालस्टेड नावाचे सर्जन स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतलं सगळं एकत्र काढायचे, आणि पुढची 70-80 वर्षं जगभर तेच बरोबर मानलं गेलं. बायका वाचायच्या पण छातीच्या फासळ्या दिसायच्या आणि हात आयुष्यभर सुजलेला असायचा. मग पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी आणि इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी म्हटलं की एवढं काढल्याने खरंच फायदा होतो का ते तपासून बघू. वेरोनेसींनी 1973 ते 1980 मध्ये 2 सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या 701 बायका घेतल्या, चिठ्ठी टाकल्यासारखं करून निम्म्यांचा पूर्ण स्तन काढला, निम्म्यांचा वाचवून रेडिएशन दिलं. फिशर यांनी 1976 पासून 4 सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या 1,851 बायका तपासल्या. दोघांचेही 20 वर्षांनंतरचे निकाल 2002 साली आले आणि दोन्हीकडे एकच दिसलं, 20 वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायकांचं प्रमाण दोन्ही गटात सारखं. आईची गाठ 2.2 म्हणजे फिशर यांच्या मर्यादेत आरामात बसते.

आता यातली दुसरी बाजू, जी पेशंटला सांगितलीच पाहिजे आणि काही डॉक्टर घाईत सांगत नाहीत. स्तन वाचवला तर त्याच स्तनात गाठ परत येण्याची शक्यता थोडी जास्त असते. मिलानच्या अभ्यासात 20 वर्षांत वाचवलेल्या गटातल्या 30 जणींना त्याच जागी परत आलं, पूर्ण काढलेल्यांत 8 जणींना. बघा, पूर्ण काढूनही 8 जणींना आलं, कारण छातीच्या कातडीत आणि व्रणाजवळ परत येऊ शकतं, स्तन काढला म्हणजे शून्य होत नाही. आणि ज्यांना वाचवलेल्या स्तनात परत आलं त्यातल्या बहुतेक जणींचं तेव्हा पूर्ण काढून पुढे जाता येतं, म्हणून शेवटी जगण्याचा हिशोब सारखा राहतो. आजची मॅमोग्राफी, मार्जिन म्हणजे काढलेल्या भागाची कड तपासायची पद्धत, हॉर्मोनच्या गोळ्या हे सगळं तेव्हापेक्षा खूप चांगलं आहे, त्यामुळे आता हे परत येणं बरंच कमी झालंय. पण दर वर्षी मॅमोग्राफी करायला लागणार, आणि दर वर्षी रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस पोटात गोळा येणार, हे खरं आहे, ते ज्याला झेपणार नाही त्याने तसं सांगावं.

आता रेडिएशन, आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात किंवा लाईट देणं म्हणतात. माझ्या मते तुमचा सगळा निर्णय इथेच आहे. फिशर यांच्या अभ्यासात एक तिसरा गट होता, नुसती गाठ काढली आणि रेडिएशन दिलंच नाही. त्यांच्यात 20 वर्षांत 39 टक्के जणींना त्याच स्तनात परत आलं, रेडिएशन घेतलेल्यांत 14 टक्के. एवढा फरक. नंतर बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा रेडिएशनने जीवही वाचतात हे दिसलं. काही 65-70 च्या पुढच्या, अगदी लहान गाठीच्या, हॉर्मोनच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या बायकांना ते टाळता येतं, पण तुमची आई 54 ची आहे, तिला टाळता येणार नाही.

एक पेशंट मी विसरत नाही. चाळिशीतली, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली. तिचं दुसरीकडे एका ठिकाणी ऑपरेशन झालं होतं, गाठ छान काढली होती, आणि 25 वेळा शेक घ्यायला सांगितलं होतं, पण शेक का घ्यायचा, न घेतल्यास काय होतं, हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. गाठ निघाली, जखम भरली, तिला वाटलं झालं. सहा वेळा गेली, मग टोळी निघाली आणि तीही निघाली. दोन वर्षांनी माझ्याकडे आली तेव्हा त्याच जागी गाठ परत आलेली आणि काखेतही पोचलेली. तिची चूक मी मानत नाही. तिचा स्तन वाचवायचं ठरवणाऱ्यांनी आधी तिच्या कामाचं, मुक्कामाचं, गाडीभाड्याचं विचारायला हवं होतं. तेव्हापासून मी ऑपरेशनची तारीख द्यायच्या आधी विचारते, शेक कुठे घेणार, राहणार कुठे, घरची चूल कोण बघणार. याची उत्तरं मिळत नसतील तर मी स्वतःच सांगते की बाई, तुझ्यासाठी पूर्ण काढणं बरं.

चांगली गोष्ट ही की आता पूर्वीसारखे पाच-सहा आठवडे लागतातच असं नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनंतर तीन आठवड्यांत 15 वेळा हे आता नेहमीचं झालंय, आणि 2020 मध्ये एका आठवड्यात 5 वेळा देण्याचेही चांगले निकाल आले, काही सेंटरवर निवडक पेशंटना तसंही देतात. गाठीच्या जागेवर जास्तीचा डोस द्यायचा असेल तर आणखी काही दिवस. प्रत्येक वेळी टेबलवर 10-15 मिनिटं, दुखत नाही, ॲडमिट व्हायला लागत नाही, केस जात नाहीत, शेवटी शेवटी कातडी काळवंडते आणि थकवा येतो. आईची डावी बाजू आहे म्हणजे खाली हृदय आहे, तर श्वास धरून रेडिएशन देण्याची सोय तिथे आहे का एवढं विचारा. आई तुमच्याकडे पुण्यात महिनाभर राहू शकत असेल तर प्रश्नच मिटला. तिला गावाजवळच राहायचं असेल तर बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, कळंबकडच्या माझ्या बऱ्याच पेशंट ऑपरेशन एकीकडे आणि शेक बार्शीला असं करतात, फक्त ऑपरेशनआधी तिथे एकदा भेटून या. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, किमो, रेडिएशन तिन्ही बसतं, मात्र योजनेत असलेल्याच हॉस्पिटलात, म्हणून कागद आधी बघा.

काकांनी म्हटलंय ना की पूर्ण काढलं तर पुढे शेक आणि किमो दोन्ही वाचेल. किमोचं तर अजिबात तसं नाही. किमो लागणार का ते गाठीच्या स्वभावावर, ग्रेडवर (पेशी किती आक्रमक दिसतात त्यावर) आणि काखेतल्या गाठींत म्हणजे लसिकाग्रंथींत कॅन्सर पोचलाय का यावर ठरतं, स्तन राहिला की गेला यावर नाही. हॉर्मोनची गोळी कमीत कमी पाच वर्षं, ती तर दोन्हीकडे आहे. शेक बहुतेक वेळा वाचतो हे खरं, पण ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये काखेतल्या गाठींत कॅन्सर निघाला तर पूर्ण काढूनही रेडिएशन घ्यायला लागू शकतं. असं झालं की बायका माझ्यासमोर रडतात, "म्याडम, मग काढला कशाला" म्हणून. हे आधी सांगितलेलं असलं तर तेवढं लागत नाही. हात सुजण्याचंही तसंच, ते काखेत किती काढलं यावर जास्त अवलंबून आहे. आईच्या काखेत काही लागत नाही तर सगळ्या गाठी सरसकट काढायच्या आधी निळा डाय टाकून पहिल्या दोन-चार गाठीच तपासता येतात, ते करणार का हे सर्जनला नक्की विचारा, मी तर म्हणेन स्तनाच्या प्रश्नाइतकंच हे महत्त्वाचं आहे आणि याबद्दल कुणीच विचारत नाही.

कुणाचा स्तन वाचवू नये हेही सांगते, म्हणजे तुम्हाला मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये काय बघायचं ते कळेल. एकाच स्तनात दूर दूर दोन-तीन ठिकाणी कॅन्सर असेल, किंवा कॅल्शियमचे बारीक ठिपके स्तनभर पसरलेले असतील आणि ते कॅन्सरचेच वाटत असतील, किंवा कातडी लाल आणि संत्र्याच्या सालीसारखी झाली असेल, किंवा पूर्वी छातीला रेडिएशन झालेलं असेल, किंवा बाई गरोदर असेल आणि बाळंतपणापर्यंत रेडिएशन थांबवता येण्यासारखं नसेल, किंवा स्क्लेरोडर्मासारखा, कातडी कडक करणारा आजार असेल, तर बहुतेक वेळा पूर्ण काढणंच बरं. गाठ मोठी आणि स्तन लहान असेल तर आकार फार बिघडतो, पण त्यातही आधी औषधं देऊन गाठ आक्रसवता येते किंवा ऑपरेशनच्या वेळीच आजूबाजूचा भाग सरकवून आकार जुळवता येतो. आणि गाठ काढल्यावर तिच्या कडेला, पॅथॉलॉजीवाले शाई लावतात त्या शाईवर, कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर परत थोडं काढायला लागतं. काही जणींना असं दुसरं छोटं ऑपरेशन लागतं, ते अपयश नाही, पण मनाची तयारी असू द्या.

आता तुमच्या प्रश्नात एक ओळ होती जी तुम्ही सहज लिहिली आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. "एक मावशी पोटाच्या कॅन्सरने 48 व्या वर्षी गेली." आपल्या घरांमध्ये पोटाचा कॅन्सर म्हणजे काहीही असू शकतं, जठराचा, आतड्याचा, लिव्हरचा किंवा बीजकोषाचा म्हणजे ओव्हरीचा. पोटात पाणी भरलं होतं, पोट फुगलं होतं असं काही आजीला आठवतंय का विचारा. तो कॅन्सर ओव्हरीचा असेल तर आईची बीआरसीए ही जनुकांची टेस्ट ऑपरेशनआधीच करायला हवी, कारण ती पॉझिटिव्ह आली तर हिशोब बदलतो. तशा बायकांमध्ये त्याच स्तनात आणि दुसऱ्या स्तनातही नवीन कॅन्सर होण्याची शक्यता बरीच जास्त असते, मग दोन्ही स्तन काढण्याचा आणि ओव्हरी काढण्याचा विषय निघतो. तेव्हाही स्तन वाचवणं चूक ठरत नाही, पण निर्णय वेगळ्या वजनाचा होतो, आणि तो मग तुमच्याबद्दलही असतो, तुम्ही तिची मुलगी आहात.

पूर्ण काढणं म्हणजे नेमकं काय होतं हेही आईला माहीत असायला हवं. ऑपरेशन तसं सोपं असतं, दोन-तीन दिवसांत घरी, पण जखमेतलं पाणी काढणारी नळी आणि पिशवी आठ-दहा दिवस, कधी जास्त. छातीचा तो भाग बधिर राहतो. एक बाजू हलकी झाल्याने खांदा-मान अवघडते, व्यायाम केला नाही तर खांदा आखडतो. ब्लाउज बसत नाही. कापडी किंवा सिलिकॉनचा पॅड मिळतो, पोटाचा किंवा पाठीचा भाग वापरून नवीन स्तन बनवताही येतो, तेही विचारता येईल. पुष्कळ बायका महिन्या-दोन महिन्यांत रुळतात, काही रुळत नाहीत. एक बाई मला चेकअपला सात वर्षांनी म्हणाली की मी अजून अंघोळीच्या वेळी आरशाकडे पाठ करते. तिलाही ऑपरेशनच्या वेळी सगळे म्हणाले होते की तुला या वयात काय करायचंय. ती तेव्हा 51 ची होती.

उलटही सांगते. एक शिक्षिका होत्या, 1.5 सेंटीमीटरची गाठ, स्तन वाचवायला अगदी योग्य केस, घर हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर. सगळं समजावलं, कागदावर आकडे काढून दाखवले. त्या म्हणाल्या, डॉक्टर मला सगळं पटलं, पण माझी आई याच आजाराने गेली आणि हा स्तन अंगावर असेपर्यंत मला झोप लागणार नाही. जनुकांची टेस्ट केली, निगेटिव्ह आली, तरी त्यांचं मत तेच राहिलं. मी पूर्ण काढला. त्यांचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, कारण सगळं कळून, स्वतःच्या तोंडाने त्यांनी तो सांगितला होता.

म्हणून तुमच्या आईचं "टाका काढून" मी तसंच्या तसं धरणार नाही. ते मामा-काका बसलेले असताना म्हटलंय का, की तुमच्याशी एकटीशी बोलताना? आपल्याकडच्या बायकांना, त्यातही पन्नाशीच्या पुढच्या, मला माझा स्तन राहायला हवाय असं म्हणायची लाज वाटते, त्यात पोरीला खर्च, भावांना त्रास, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. माझ्या ओपीडीत मी सगळ्यांना दहा मिनिटं बाहेर बसवते आणि बाईला एकटीला विचारते, "शेक घ्यायची सोय झाली आणि धोका सारखाच आहे असं धरलं, तर तुला काय हवंय?" कधी पटकन उत्तर येतं, कधी ती बराच वेळ पदराशी खेळत बसते आणि मग बोलते. तुम्हीही आज रात्री हे करा, फोनवर नको, शेजारी बसून. आणि ती मग शांतपणे म्हणाली की पूर्णच काढा, तर मामांना काही समजावत बसू नका, पूर्ण काढा.

घाई नाहीये. सुई लावली म्हणून कॅन्सर पसरतो, आठवड्यात ऑपरेशन झालं पाहिजे, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. या टेस्टसाठी आणि विचारासाठी दोन-तीन आठवडे गेले तर काही बिघडत नाही, दोन-तीन महिने मात्र घालवू नका. दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी झालेली नसेल तर ती आधी, मग बार्शी किंवा पुण्याच्या रेडिएशनच्या डॉक्टरांची एक भेट, मग सर्जनकडे. आणि मावशीची जुनी फाईल कुणाच्या ट्रंकेत, कपाटात असेल तर या आठवड्यात शोधून काढा, डिस्चार्ज कार्डवर काय लिहिलंय ते मला कळवा, बाकीचं मग त्यावरून बोलू.